ब्लँकेटं वाटू की संस्थेला देऊ?

प्रश्न: ताई, बाबांना जाऊन डिसेंबरात वर्ष होईल. दर थंडीत ते स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना ब्लँकेटं वाटायचे, मी पिशव्या धरायला सोबत असायचे. वर्षश्राद्धाला २५ हजार बाजूला काढलेत. भाऊ म्हणतो, हे लोक दुसऱ्या दिवशी ब्लँकेट विकतात, त्यापेक्षा संस्थेला दे. पण संस्था खरी की खोटी कसं कळणार?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: विकतात काही जण, खरंय. पण दिवसभर ते ठेवणार कुठे हो? आमच्या पुलाखाली एक आजोबा ब्लँकेटची घडी पोटाशी बांधून फिरायचे, भर मे महिन्यात, कारण खाली ठेवलं की कचऱ्याच्या गाडीत जायचं. म्हणून भावाच्या त्या वाक्यावर रागावू नका पण फार मनावरही घेऊ नका.

आता संस्थेचं. रस्त्यावरच्या मानसिक रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं उदाहरण सांगते. १९८८ ला मुंबईत डॉ. भरत आणि स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याला एक तरुण करवंटीने गटारातलं पाणी पिताना दिसला, त्यांनी त्याला उचलून आणून उपचार केले तर कळलं की पोरगा आंध्रातला, चांगला शिकलेला लॅब टेक्निशियन, घरचे शोधतायत. त्यातूनच श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन उभी राहिली, पुढे कर्जतला केंद्र झालं, २०१८ ला डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सांगायचा मुद्दा हा की रस्त्यावरच्या ‘वेड्या’ला बऱ्याचदा गाव असतं, फक्त औषध सुरू होईपर्यंत त्याला ते सांगता येत नाही. मग अशा संस्थेला खर्च कशाला लागतो? जेवणाखाण्याला, गोळ्यांना, घरी सोडायला जाणाऱ्या कार्यकर्त्याच्या रेल्वे तिकिटाला, आणि घरी गेल्यावरही गोळ्या चालू ठेवायला. हा शेवटचा खर्च कुणाला दिसतच नाही, फोटो निघत नाही ना त्याचा! गोळ्या बंद झाल्या की माणूस पुन्हा स्टेशनवर.

म्हणून कुठलीही संस्था असो, फोन करून एकच विचारा: घरी सोडल्यावर पुढे काय करता? जिथे नीट उत्तर मिळेल तिथे एकदा जाऊन या, स्वयंपाकघर आणि बाथरूम बघा, ऑफिस नाही बघितलं तरी चालेल. देणगीवर इन्कम टॅक्सची सवलत मिळते तो ८०जी नंबर मागाच, पण नुसता नंबर आहे म्हणून भुलू नका.

माझं मत विचाराल तर २० हजार औषधांसाठी असं स्पष्ट लिहून द्या, उरलेल्याची ब्लँकेटं घ्या, बाबांची सवय आहे ती, मोडू नका, आणि वाटायला भावाला न्या पिशव्या धरायला.

हो, पैसे ऑनलाइन नाहीतर चेकनेच द्या, २ हजाराच्या वर कॅश दिली तर ८०जीची सवलत मिळत नाही, आणि नवी टॅक्स रिजीम घेतली असेल तर तशीही नाही. बाबांच्या स्मरणार्थ असं पावतीवर लिहून घ्या, पॅन मात्र स्वतःचा द्या.