सिस्टिकोला ओळखायचा तर आधी कान लाव

केनियाला पहिल्यांदाच निघाला आहेस, तर सिस्टिकोला नावाच्या पक्ष्यांना घाबरू नकोस. पन्नासच्या आसपास जाती, बहुतेक सगळ्या तपकिरी आणि चिमुकल्या. पुस्तकातली चित्रं ताडत बसलास तर डोकं भणभणेल. सुरुवात रॅटलिंग सिस्टिकोलापासून कर, बाभळींच्या माळावर तो जागोजागी भेटतो.

विणीच्या काळात नर झुडपाच्या अगदी शेंड्यावर येऊन बसतो. आधी दोन-तीन खरखरीत, रागावल्यासारखे सूर आणि लगेच खुळखुळा हलवल्यासारखी थरथर. ती ऐकलीस की दुर्बीण चोचीवर धर. गाताना उघडलेल्या चोचीत आतून काळंभोर तोंड दिसतं. मला तर तो क्षण सिंह दिसण्याइतकाच मोलाचा वाटतो. फोटो नाही मिळाला तरी चालेल, आवाज मात्र टिपून ठेव.

मादी नरापेक्षा लहान. घरटं वाळक्या गवताचं, गोलसर, बाजूला तोंड असलेलं आणि जमिनीलगत दडवलेलं, म्हणून गवत तुडवत जाऊ नकोस.

आपल्या माळरानावर हेलकावे घेत 'झिट-झिट' करणारा झिटिंग सिस्टिकोला याचाच भाऊबंद, तो आफ्रिकेतही आहे. निघण्याआधी दोन-चार सकाळी त्याच्यामागे घालव, कान तयार होतील.