धावत्या वाहनांना आपसात संदेश पाठवण्यासाठी साधे वाय-फाय का पुरत नाही, आणि त्यासाठी बनवलेल्या दोन तंत्रांपैकी कोणते चांगले?

वेगामुळे साधे वाय-फाय तुटते, असे उत्तर आपल्याला बहुतेक ठिकाणी मिळाले असेल. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. मुख्य अडचण ओळखपाळखीची आहे. फोन राउटरला जोडताना आधी जाळे शोधले जाते, मग प्रमाणीकरण, मग जोडणी, मग जाळ्यातला पत्ता, आणि या सोपस्कारांत एक-दोन सेकंद गेले तरी एका जागी बसलेल्या माणसाचे काही बिघडत नाही. पण वळणाआडून ताशी १०० किलोमीटर वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांना एकमेकींचा संकेत १५० मीटरवर मिळू लागला, तर त्यांच्या हाती तीन सेकंदही उरत नाहीत.

म्हणून २०१० मध्ये मंजूर झालेल्या ८०२.११पी या वाहनांसाठीच्या वाय-फाय मानकाने हे सोपस्कारच वगळले. ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येक वाहन आपले स्थान, वेग आणि दिशा सेकंदाला दहा वेळांपर्यंत, कोणा एकाला नव्हे तर ऐकू शकेल त्या सर्वांना सांगत राहते. शिवाय चॅनल २० ऐवजी १० मेगाहर्ट्झचा ठेवल्याने प्रत्येक चिन्ह, म्हणजे एका वेळी हवेत जाणारा संकेताचा तुकडा, दुप्पट लांब, म्हणजे ८ मायक्रोसेकंदांचे होते, आणि भिंतींवर व ट्रकवर आदळून उशिरा पोहोचणाऱ्या लहरी पुढच्या चिन्हात कमी मिसळतात.

याची किंमत गर्दीत मोजावी लागते. सर्वांना उद्देशून पाठवलेल्या संदेशाला पोचपावती नसते, त्यामुळे दोन संदेश हवेत एकमेकांवर आदळले तरी पाठवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. एकमेकींना ऐकू न येणाऱ्या दोन गाड्या मधल्या तिसरीला एकाच वेळी संदेश पाठवतात, तेव्हा तर हे हमखास घडते.

दुसरे तंत्र मोबाइल फोनच्या तंत्रावर उभे आहे. २०१७ च्या सुमारास आलेल्या या सेल्युलर व्ही-टू-एक्समध्ये गाडी आधी हवेतील वर्दळ ऐकून मोकळा वेळकप्पा निवडते आणि तो काही संदेशांपुरता राखून ठेवते. ही शिस्त चांगली आहे, पण दोघींनी नेमका एकच कप्पा निवडला तर टक्कर एकदा होऊन थांबत नाही, लागोपाठ होत राहते. आणि बोलत असताना ऐकता येत नसल्याने नेमक्या त्याच दोघींना एकमेकींचे अस्तित्व कळत नाही.

कोणते चांगले, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देणार नाही, कारण दोन्ही एकाच पट्ट्यात चालत असली तरी एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, आणि शेजारच्या गाडीत जे बसवलेले आहे तेच आपल्या गाडीच्या उपयोगाचे असते.