'चिनी फुलदाणी' म्हणजे नेमकी कुठली?

प्रश्न आला आहे: सतराव्या शतकात लंडनमध्ये घडलेल्या, निळ्या चिनी चित्रांच्या फुलदाणीला 'चिनी फुलदाणी' म्हणावं की 'चिनीमातीची'?

कृपा करून दोन्ही नको. 'चिनी' म्हटलं की ती चीनहून आली असं वाटतं, आणि चिनीमाती तर तिच्यात नाहीच. 1630च्या आसपास लंडनच्या सदर्क भागातले कुंभार चीनच्या मिंग राजवटीतल्या भांड्यांवरचा खडकावर बसलेला पक्षी हुबेहूब उतरवत होते, पण साध्या मातीवर. वर कथील घातलेली पांढरी झिलई, तिच्यावर कोबाल्टची निळाई. अशा फुलदाणीच्या काठाचा टवका उडालेला असेल तर तिथे बघा: पांढऱ्या पापुद्र्याखाली पिवळसर, भुसभुशीत माती दिसते. अस्सल चिनीमाती आतपर्यंत पांढरी असते. तशा भांड्यांचे कारखाने इंग्लंडात 1740नंतर निघाले. त्यांतल्या लंडनजवळच्या बो इथल्या कारखान्याने आपल्या दौतींवर 'न्यू कँटन, 1750' असं लिहिलं (कँटन हे चीनमधलं बंदर), इतकी ओढ होती चीनची.

पण खरी गंमत 'चायना' या इंग्रजी शब्दात आहे. देशाचं नाव भांड्याला चिकटलं, एवढंच सांगून अनेक जण मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. मग जुने इंग्रज भांड्यांना 'चेनी', 'चायनी' का म्हणत? शेवटचा तो 'ई' आला कुठून? तो फारसी 'चीनी'चा आहे! चीनी म्हणजे चीनचं, आणि इराणपासून हिंदुस्थानापर्यंतच्या बाजारात या भांड्यांचं नावच ते होतं. इंग्रज कंपनीची वखार सुरतेत 1613 साली आली. माझं ठाम मत आहे की तिथल्या व्यापाऱ्यांच्या तोंडूनच हा शब्द जहाजात चढला. देशाच्या नावाशी त्याची सरमिसळ मागाहून झाली. म्हणजे लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीतला 'चिनी' आणि इंग्रजांच्या कपबशीतला 'चायना' हे एकाच फारसी शब्दाचे वंशज. इंग्रजी शब्दाचं मूळ सांगताना हा 'ई' गाळणाऱ्यांनी आधी त्याचा हिशेब द्यावा.

राहिली फुलदाणी. 'चिनी वळणाच्या नक्षीची इंग्लिश फुलदाणी' असं सरळ लिहा. 'चिनी' हे विशेषण नक्षीला लावा, मातीला नको.