भाषणात बक्षिसं मिळतात, पण राजकारणात पोट भरेल का?

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. वक्तृत्व स्पर्धांत तिचा नंबर ठरलेला. अमेरिकेतल्या टेक्सस राज्याच्या सिनेटमधल्या (वरिष्ठ सभागृहातल्या) पहिल्या कृष्णवर्णीय महिला बार्बरा जॉर्डन यांच्याबद्दल तिने वाचलं आणि आता वकील होऊन राजकारणातच जायचं म्हणते. आमच्या घराण्यात कुणी राजकारणात नाही. तिला कसं समजवावं? – एक आई

उत्तर : ताई, समजवायच्या आधी जॉर्डनबाईंची गोष्ट लेकीसोबत बसून पुन्हा वाचा. तुमच्या काळजीचं उत्तर तिच्यातच आहे.

बार्बरा १९३६ साली ह्यूस्टनमध्ये जन्मली. वडील गोदामात नोकरी करत आणि चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. तिथेही आईवडील राजकारणात नव्हते. शाळेत करिअर दिनाला शिकागोच्या वकील एडिथ सॅम्पसन बोलायला आल्या आणि मुलीने वकील व्हायचं ठरवलं. टेक्सस विद्यापीठात तेव्हा पदवीला काळ्या मुलांना प्रवेश नव्हता, म्हणून ती टेक्सस सदर्न विद्यापीठात गेली. तिथे वादविवादात तिने नाव काढलं.

पुढचा भाग लेकीला मुद्दाम दाखवा. बोस्टन विद्यापीठात कायदा शिकायला गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला बोलता येतं, पण मुद्दा पुराव्यानिशी तपासून मांडता येत नाही. काळ्या मुलांसाठी वेगळ्या ठेवलेल्या शाळांनी जे दिलं नव्हतं, ते तिने रात्र रात्र वाचून भरून काढलं. स्पर्धा गाजवणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो. आवाज आणि पाठांतर यांवर ढाल मिळते, पण कायद्याच्या वर्गात पहिल्याच महिन्यात ते अपुरं पडतं. त्याची तयारी आत्ताच सुरू करावी.

आता पोटाचं. १९५९ला पदवी घेऊन ती ह्यूस्टनला परतली आणि आईवडिलांच्या घरी जेवणाच्या टेबलावर वकिली सुरू केली. १९६२ आणि १९६४ अशा दोन्ही विधानसभा निवडणुका ती हरली. वकिली होती म्हणून या पराभवांनी घर कोसळलं नाही. टेक्ससमध्ये नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा भरतं आणि आमदाराचा पगार आजही वर्षाला ७,२०० डॉलर. तिथे हातात व्यवसाय असावाच लागतो आणि मला तर तो आपल्याकडेही हवासा वाटतो.

ती हरली त्यात तिची उणीव नव्हती. उमेदवाराला सबंध हॅरिस काउंटीतून (ह्यूस्टन ज्यात येतं त्या जिल्ह्यातून) मतं मिळवावी लागत आणि तिथे गोरे मतदार बहुसंख्य होते. न्यायालयांच्या निकालांमुळे मतदारसंघ नव्याने आखले गेले आणि १९६६ साली ती टेक्ससच्या सिनेटवर निवडून आली. १८८३ नंतर तिथे पोहोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. ३१ जणांच्या सभागृहात बाकी तीसही पुरुष! तिने भाषणांचा धडाका लावला नाही. आधी नियम पाठ केले, माणसं जोडली आणि राज्याचा पहिला किमान वेतन कायदा होण्यात मोठा वाटा उचलला. शेतमजूर, घरकामगार यांच्यासाठी काहीतरी हाती लागलं ते अशा चिकाटीतून. १९७२ला ती अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर गेली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरील महाभियोगाच्या सुनावणीत १९७४ साली तिने केलेलं भाषण लेकीने जरूर ऐकावं. महाभियोगाचा एकेक निकष वाचायचा आणि त्याच्याशेजारी राष्ट्राध्यक्षांचं कृत्य ठेवायचं, अशी त्याची मांडणी आहे. बोस्टनच्या त्या रात्री तिथे कामी आल्या.

१९७९ला राजकारण सोडून ती प्राध्यापक झाली, तेही टेक्सस विद्यापीठातच. हेही करिअरच आहे, ताई.

तेव्हा लेकीला अडवू नका. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी राज्याची सीईटी आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट, दोन्हींचे अर्ज भरू द्या. आणि परीक्षा संपल्यावर सुट्टीत तिला एखाद्या ओळखीच्या वकिलाबरोबर तालुका न्यायालयात बसायला पाठवा. तारीख, पुरावा, उलटतपासणी हे रोज पाहूनही तिची ओढ टिकली, तर फीची तजवीज करायला लागा.