जुनं मालवाहू जहाज पाण्यातच संग्रहालय म्हणून ठेवलं, तर ते गंजून बुडत नाही का?

देखभाल थांबली तर बुडेल. हॅम्बुर्गचं १९६१ सालचं 'काप सान दिएगो' पाहा. सुमारे १५९ मीटर लांबीचं हे जहाज १९८६ मध्ये शहराने भंगारात जाण्यापासून वाचवलं. ते आजही स्वतःच्या इंजिनावर चालतं.

गंज सर्वांत जास्त पाण्याच्या रेषेजवळ धरतो, कारण तिथला पत्रा आलटून पालटून ओला आणि कोरडा होतो. म्हणून ठरावीक वर्षांनी जहाज सुक्या गोदीत (पाणी उपसून कोरड्या केलेल्या जागेत) घेऊन तळ खरवडतात, ध्वनिलहरींनी पत्र्याची जाडी मोजतात, पातळ झालेला भाग कापून नवा जोडतात आणि रंग देतात. खाऱ्या पाण्यात तळाला जस्ताचे ठोकळे लावले की पत्र्याऐवजी ते झिजतात. गोड्या पाण्यात मात्र जस्त फारसं काम करत नाही, तिथे मॅग्नेशियम बरं.

इंजिन बंद ठेवलं तरी वंगणाचा पंप लावून शाफ्ट (इंजिनाचा फिरता दांडा) अधूनमधून फिरवावा लागतो. नाहीतर बेअरिंगमधलं तेल एकाच जागी दाबून निघून जातं आणि तिथे डाग पडतात. तळाशी साचणारं पाणीही रोज बघायचं.

खरी अडचण पैशांची. मुंबईतली विक्रांत (ती युद्धनौका, पण दुखणं तेच) २००१ पासून संग्रहालय होती. सुरक्षिततेच्या कारणावरून २०१२ मध्ये ती बंद झाली आणि शेवटी भंगारात गेली.