ईजीआरचा सेन्सर खराब झालाय की व्हॉल्व्हच अडकलाय, हे कसं ओळखायचं?

डिझेल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागलाय, पिकअप गेलाय आणि गॅरेजवाला थेट सेन्सर बदलायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. ईजीआर म्हणजे इंजिनातून निघालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा; किती सोडायचा ते व्हॉल्व्ह ठरवतो आणि तो किती उघडलाय ते सेन्सर सांगतो. घाई करू नका, आधी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड बघा. पी०४०१ आला तर इंजिनात परत फिरणारा धूर कमी पडतोय. डिझेलमध्ये हे बहुतेकदा काजळीने व्हॉल्व्ह किंवा धुराची वाट अडल्यामुळे होतं. पी०४०५ (सिग्नल फार कमी) किंवा पी०४०६ (फार जास्त) असेल तरच संशय सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर.

मग चावी ऑन, इंजिन बंद, हातात मल्टिमीटर. ईजीआर व्हॉल्व्हच्या कपलरला (वायरी जोडायच्या प्लगला) पाच वायरी असतील तर सहसा दोन मोटरच्या; उरलेल्या तिघींत एक ५ व्होल्टची, एक अर्थिंगची, एक सिग्नलची. ५ व्होल्टच येत नसतील तर दोष मागच्या वायरिंगमध्ये किंवा ईसीयूकडे (इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरकडे). बहुतेक गाड्यांत व्हॉल्व्ह बंद असताना सिग्नल १ व्होल्टच्या आसपास असतो आणि स्कॅनरने हळूहळू उघडला की सलग चढतो. व्हॉल्व्ह मोकळा फिरत असूनही आकडा मध्येच उडी मारत असेल, तर सेन्सर गेला.

कपलरच्या पिना मात्र नीट बघाच. माझ्या गाडीत एका पिनेवर हिरवा गंज होता, तो साफ केला आणि कोड पुन्हा आलाच नाही.