डोंगरातल्या आरोग्य केंद्राला ५ किलोवॉट सोलर आणि ३ किलोवॉट पवनचक्की पुरेल का?

पवनचक्की यादीतून काढून टाका. धुळे जिल्ह्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसतात म्हणून सातपुड्याच्या घळईत बसलेल्या तुमच्या केंद्रावरही फिरतील, असं नाही. वारा निम्मा झाला की त्यातली ताकद आठव्या हिश्शावर येते. मी शहाद्याकडचा वायरमन, अशा केंद्रांची सोलरची कामं १२ वर्षं केली. एका केंद्रावर चक्कीचा खांबही मीच उभा केला होता. भोवती सागाची झाडं आणि तिन्ही बाजूंनी डोंगर.

त्याच केंद्रातून ऑगस्टमध्ये रात्री २ वाजता सिस्टरचा फोन आला, "भाऊ, वॉर्मर बंद पडी गया." वॉर्मर म्हणजे नवजात बाळाला ऊब देणारं यंत्र. चार दिवसांची झड लागलेली, बाळ १ किलो ९०० ग्रॅमचं. बॅटरी उतरून इन्व्हर्टर बंद झालेला, जनसेटमध्ये, म्हणजे जनरेटरमध्ये, डिझेल नाही. फोनवरून मी काय करणार? सिस्टरने बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावलं, वरून गोधडी घातली आणि मोबाईलच्या उजेडात सकाळपर्यंत बसून राहिली. बाळ वाचलं ते तिच्यामुळे.

सकाळी मोटारसायकलने पोचलो, तर क्वार्टरच्या पडवीत बादलीत पाणी तापवायचा रॉड. १५०० वॉटचा. एक बादली तापवायला अर्धा युनिट तरी जातो, तेवढ्यात वॉर्मर पाऊण तास चालला असता. क्वार्टरमधली तीन कुटुंबं रोज त्याच रॉडवर आंघोळीचं पाणी तापवत होती. त्यांना दोष देत नाही, वर पावसाळ्यात थंडी असते. दोष वायरिंगचा. क्वार्टर आणि प्रसूतिगृह एकाच इन्व्हर्टरवर टाकू नका, हे मी काम सुरू असतानाच सांगितलं होतं. साहेब म्हणाले, "वायरिंगचं काय एवढं? पॅनल वाढवू." आणि त्या रात्रीनंतर अहवालात लिहिलं, बॅटरी निकृष्ट. बॅटरी निकृष्ट नव्हती. झडीत पॅनल दुप्पट केले तरी त्यांना ऊन कुठून आणणार?

तुमचा हिशोब. लसींचा आयएलआर (लसी थंड ठेवणारा फ्रिज), वॉर्मर, सक्शन (बाळाच्या नाकातोंडातलं पाणी ओढणारं यंत्र), ५ लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र) आणि दिवे मिळून दिवसाला ८ युनिट धरा, तेही वॉर्मर आणि कॉन्सन्ट्रेटर दिवसात काही तासच चालले तर. उन्हाच्या दिवशी १ किलोवॉटचे पॅनल ४ युनिट देतात, म्हणजे ५ किलोवॉट ठीक आहे. पैसे बॅटरीत घाला. दोन दिवसांची साठवण म्हणजे १६ युनिट, आणि ट्युब्युलर (पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी) निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून ४८ व्होल्टला ७०० अँपिअर-तासांची बँक. पत्र्याखाली ठेवू नका, उष्णतेने तिचं आयुष्य निम्मं होतं. डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार, त्या माणसाचं नाव भिंतीवर लिहा. आयएलआरची फार काळजी नको. चांगला आयएलआर झाकण न उघडता वीसेक तास थंडावा धरतो. वॉर्मर मिनिटात गार होतो.

आता ज्याच्यावरून माझं भांडण झालं ते. क्वार्टरला वेगळा छोटा इन्व्हर्टर आणि वेगळी बॅटरी द्या. नुसती लाईन वेगळी करून भागत नाही, मागे बॅटरी एकच असेल तर रॉड तिलाच उतरवतो. पैसे नसतील तर निदान बॅटरी ६० टक्क्यांवर आली की क्वार्टरचा लोड आपोआप तोडणारा रिले (स्विच) बसवा. त्या केंद्रात तो मी एका रविवारी स्वतःच्या पैशाने बसवला. त्यानंतर वॉर्मरसाठी फोन आला नाही. साहेबांनी तो अहवाल मात्र दुरुस्त केला नाही.

तुमचं केंद्र तोरणमाळसारख्या उघड्या माथ्यावर असेल तर चक्कीचं वेगळं. पावसाळ्यात ऊन कमी तेव्हाच वारा जास्त, त्यामुळे जोड चांगली बसते, पण आधी वर्षभर वारा मोजा. आणि जनसेट विकू नका, त्यात डिझेल ठेवा. खर्च सांगत नाही, बॅटरीचे भाव बदलत राहतात. ठेकेदाराने दिलेला वायरिंगचा नकाशा असेल तर क्वार्टरची तार कुठे जोडलीय ते बघा आणि इथेच कळवा.